दगडावरचा गुलाबी थर आणि चुन्याचा हिशेब

कोरलाइनचा, म्हणजे समुद्रातल्या दगडांवर पसरणाऱ्या गुलाबी शैवालाचा, पहिला ठिपका दगडावर आलाच नाही. तो आला वेव्हमेकरच्या (टँकमधलं पाणी हलतं ठेवणाऱ्या पंख्याच्या) काळ्या प्लास्टिकवर, मागच्या बाजूला, तिळाएवढा. टँकमध्ये खारं पाणी भरून साडेचार महिने झाले होते. मी नखाने घासून पाहिलं, निघाला नाही. बोटाने पुसून पाहिलं, बुळबुळीत लागला नाही. त्या दिवशी घरात सगळ्यांना बोलावून मी तो ठिपका दाखवला.

ही नखाची परीक्षा नवीन माणसाने पहिल्यांदा शिकून घ्यावी. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये लालसर-जांभळं बरंच काही उगवतं. सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे शैवालासारख्या जिवाणूंचा, थरही तसाच दिसतो, पण तो सायीसारखा असतो आणि बोट लावलं की पापुद्रा सुटून येतो. कोरलाइन दगडाला सिमेंटसारखी चिकटते. काढायची तर पात्याने खरवडावी लागते आणि खरवडताना खरखर आवाज येतो, कारण ती खरोखरच अर्धी दगड आहे.

काटोलचा मावसभाऊ घरी आला तेव्हा मागची काच बऱ्यापैकी गुलाबी झाली होती. तो बराच वेळ टँकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काय गा, तुह्या दगडायले हे गुलाबी काय लागून राह्यलं? रंग मारला का?" त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे. विदर्भात रीफ टँक, म्हणजे प्रवाळ भित्तीसारखा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणारे थोडे आहेत, आणि बाहेरचे सल्ले समुद्राकाठच्या दमट शहरांना किंवा थंड देशांना धरून दिलेले असतात. आपला मे महिना आणि आपला जुलै त्यांत कुठेच बसत नाही.

कोरलाइन म्हणजे लाल शैवालांचा एक गट. ती मूळ धरत नाही, पान काढत नाही. दगड, शिंपले, काच, पाइप, जिथे जागा मिळेल तिथे पातळ पापुद्र्यासारखी पसरते आणि पाण्यातला चुना ओढून आपल्या पेशींच्या भिंतींत बसवते. त्यामुळे तिला हात लावला तर वनस्पतीचा भास होत नाही. अठराव्या शतकात जीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनिअसनेही तिच्या जातभाईंना प्राण्यांच्या यादीत टाकलं होतं. १८३७ मध्ये फिलिपी या जर्मन संशोधकाने दाखवून दिलं की या दगडी पापुद्र्यांत प्राणी राहत नाहीत, त्या स्वतःच वनस्पती आहेत.

समुद्रात तिचं काम मोठं आहे. प्रवाळ भित्ती फक्त प्रवाळ उभारतात असं आपण समजतो. प्रवाळांचे मोडके तुकडे, शिंपल्यांचा चुरा, सुटे गोटे एकमेकांना जोडून घट्ट करायचं काम बऱ्याच अंशी कोरलाइन करते. लाटा सर्वांत जोरात आपटतात त्या कडेवर प्रवाळ टिकत नाहीत, तिथे कोरलाइनचा जाड बांध तयार होतो. आणि प्रवाळांची पोहणारी पिल्लं बसायला जागा शोधतात तेव्हा कित्येक जातींची पिल्लं कोरलाइनचा वास ओळखून तिच्यावरच उतरतात. गवंडी म्हणावं तर ती आहे, आणि पाहुण्यांना जागा दाखवणारीही तीच.

आता चुन्याकडे येऊ, कारण सगळा खेळ तिथे आहे.

नागपुरात प्रत्येक घराने चुना जमताना पाहिला आहे. उन्हाळा संपल्यावर कूलर धुवायला काढला की टाकीच्या कडेला आणि वुडवूलच्या ताट्यांवर पांढरा कडक थर असतो. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार पाणी उडून गेल्यावर मागे राहतात, तोच हा थर. त्याला कोणी वाढवत नाही, तो आपोआप बसतो. कोरलाइनचा थरही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच, पण तो जिवंत पेशी ठरवून बसवतात आणि त्यात मॅग्नेशियमचा वाटा बराच असतो. दोन्ही थर जमायला पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट लागतं. फरक असा की कूलरला ते जास्त झालं तरी चालतं, कोरलाइनला ते रोज सारखं लागतं. वर्षभराच्या अनुभवानंतर मी या 'रोज सारखं' ला बाकी सगळ्या गोष्टींच्या वर ठेवतो.

आकडे सांगतो. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम, १३०० च्या आसपास मॅग्नेशियम आणि ७ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) अल्कलिनिटी असते. टँकमध्ये कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० आणि अल्कलिनिटी ८ ते ९ ठेवली की कोरलाइन खुशीत राहते. सॅलिनिटी ३५, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, आणि तापमान २४ ते २७ अंश.

यातली अल्कलिनिटी लोकांना चकवते, कारण ती पीएचसारखी वाटते. दोन पेले घ्या, दोघांतल्या पाण्याचा पीएच अगदी सारखा. एकात लिंबाचे दोन थेंब पिळले की पाणी लगेच आंबट होतं. दुसऱ्यात दहा थेंब पिळले तरी पीएच जागचा फारसा हलत नाही. दुसऱ्या पेल्याची अल्कलिनिटी जास्त. आम्ल पचवायची ही ताकद समुद्राच्या पाण्यात मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटमुळे येते, आणि कोरलाइनला भिंत बांधायला हवं असलेलं कार्बोनेटही त्याच साठ्यातून निघतं. म्हणून अल्कलिनिटी मोजायची म्हणजे कोठारात माल किती उरला ते मोजायचं.

कॅल्शियमपेक्षा अल्कलिनिटी आधी ढासळते, तेही समजून घ्या. भिंत बांधताना दोन्ही ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात. अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरली तर कॅल्शियम लिटरमागे साधारण ७ मिलिग्रॅमच उतरतं. ४२० मधले ७ गेले तर टेस्ट किटलाही नीट कळत नाही, पण ८ मधला १ गेला तर आठवा हिस्सा गेला. घरात एकच टेस्ट किट घ्यायची ऐपत असेल तर अल्कलिनिटीची घ्या.

मॅग्नेशियम मुद्दाम वर चढवू नका. ते पाण्यात नुसतं राहून मोठं काम करतं: कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना पाण्यातच धरून खाली बसू नयेत यासाठी मध्ये अडसर घालतं. ते फार कमी झालं की कितीही कॅल्शियम घाला, पंपावर आणि हीटरवर पांढरा थर बसेल, दगडावर गुलाबी नाही. पण १३०० ठीक असताना १५०० केल्याने गुलाबीपणा वाढतो, हा भ्रम आहे.

फॉस्फेटचं उलट आहे. माशांना खाणं जास्त पडलं की फॉस्फेट वाढतं. ते चुन्याच्या वाढत्या कणांवर चिकटून त्यांची वाढ अडवतं, आणि वर हिरव्या केसाळ शैवालाला खत मिळतं. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या खाली ठेवावं. अगदी शून्यही नको, कारण कोरलाइन वनस्पती आहे, तिलाही थोडं खायला लागतं.

आता नागपूर. इथली हवा वर्षातून तीन वेळा स्वभाव बदलते आणि टँक प्रत्येक वेळी तिच्याबरोबर हलतो. माझा टँक २०० लिटरचा. एप्रिल-मेमध्ये पाणी थंड ठेवायला मी पृष्ठभागावर छोटे पंखे लावतो. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, अगदी कूलरच्या न्यायाने. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दिवसाला ५ लिटर पाणी उडून जातं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घातली नाही तर एका दिवसात सॅलिनिटी ३५ वरून जवळपास ३६ वर जाते. ही भर गोड्या पाण्याचीच घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. पहिल्या उन्हाळ्यात हे न समजल्याने बरेच जण खारं पाणी घालत राहतात आणि शिंपल्यातले जीव मरायला लागले की मग शोध सुरू होतो.

आणि जुलैमध्ये? पावसाळ्यात कूलर चिकट हवा फेकतो हे नागपूरकराला सांगायला नको. टँकवरचे पंखेही तसेच निकामी होतात. हवा आधीच ओली, पाणी उडतच नाही. दिवसाला एखादा लिटर, तोही कसाबसा. मे महिन्यात २६ वर राहणारं पाणी जुलैत २९ वर चढलेलं मी पाहिलं आहे. बाहेर मे जास्त तापतो, टँक मात्र जुलैत जास्त तापू शकतो. त्या दिवसांत चिलर किंवा खोलीचा एसी याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

याच ऋतुबदलात माझी कोरलाइन एकदा थांबली. ती चूक सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे ती कोणाकडूनही होईल.

टँकमधला खप वाढल्यावर मी चुन्याची निवळी द्यायला सुरुवात केली. शाळेत आपण नळीने फुंकून जी निवळी दुधाळ करत होतो, तीच. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळवायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी थेंब-थेंब टँकमध्ये सोडायचं. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही बरोबर त्याच प्रमाणात मिळतात ज्या प्रमाणात कोरलाइन त्या खर्च करते. शिवाय निवळी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि पीएच चढता ठेवते. इतकी स्वस्त आणि इतकी नेमकी दुसरी वस्तू या छंदात नाही. पानठेल्यावरचा चुना रसायनाने तोच असला तरी तो वापरू नका. खायच्या चुन्यात काय-काय मिसळलेलं असतं ते डबीवर लिहिलेलं नसतं, आणि टँकमधल्या गोगलगायींना धातूचा अंशही सोसत नाही.

मे महिन्यात मी ही निवळी पातळ करून थेट भरपाईच्या पाण्यात मिसळून ठेवली. जेवढं पाणी उडेल तेवढी निवळी आपोआप जाईल, अशी सोय. ५ लिटर पाण्याबरोबर टँकला दिवसाला पाऊण ग्रॅम चुना मिळत होता. अल्कलिनिटी साडेआठवर स्थिर होती, म्हणून मी रोज मोजायचं सोडलं. पाऊस सुरू झाला, पाणी उडणं पाचावरून एकावर आलं, आणि चुनाही पाचव्या हिश्शावर आला. मला कळलं ते ऑगस्टमध्ये, जेव्हा कोरलाइनच्या कडा फिक्या पडल्या. निरोगी थराची कड पांढरट-गुलाबी असते आणि पुढे सरकत असते. माझ्याकडची कड राखाडी झाली होती आणि सरकत नव्हती. अल्कलिनिटी साडेसहा. मी घाबरून एका दिवसात ती वर आणली, आणि तेही चुकलं. फिका झालेला भाग त्या धक्क्यात पांढरा पडला आणि आठवडाभरात त्यावर हिरवं शैवाल बसलं. परत गुलाबी व्हायला दिवाळी उजाडली.

तेव्हापासून मी चुना पाण्याच्या लिटरवर मोजत नाही, ग्रॅमवर मोजतो. हिशेब सोपा आहे. २०० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध चुना गेला की अल्कलिनिटी सुमारे ०.४ डीकेएचने आणि कॅल्शियम लिटरमागे सुमारे पावणेतीन मिलिग्रॅमने वाढतं. आपला टँक रोज किती खातो ते काढायला तीन दिवस काहीही घालायचं नाही, आणि पहिल्या व चौथ्या दिवशी एकाच वेळेला अल्कलिनिटी मोजायची. फरकाला तीनने भागलं की रोजचा खप मिळाला. तेवढाच चुना रोज द्यायचा, मग भरपाईचं पाणी एक लिटर लागो की पाच. लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो, आणि साखरेच्या उलट, गरम पाण्यात आणखी कमी. म्हणून जास्त टाकून ढवळण्यात अर्थ नाही. निवळीचा पीएच बारापेक्षा वर असतो: मुलांपासून लांब ठेवा, डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि टँकमध्ये एकदम ओतू नका. मी रात्री सोडतो, कारण दिवे बंद झाल्यावर प्रकाशसंश्लेषण थांबतं आणि पीएच उतरतो. साठा सुधारायचा असेल तर दिवसाला अर्ध्या डीकेएचच्या पुढे जाऊ नये, असं मी स्वतःसाठी ठरवून घेतलं आहे.

टँक नवा असेल तर यातलं काही लागत नाही. थोडीशी कोरलाइन आणि दोन-चार मासे एवढंच असेल तर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की चांगल्या मिठातून सगळं मिळतं. दुकानात 'कोरलाइन वाढवा' म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत बहुधा हेच कॅल्शियम आणि कार्बोनेट असतं. मोजल्याशिवाय घालू नका.

पाण्याबद्दल एकच सांगतो. महापालिकेचं पेंच-कन्हानचं पाणी प्यायला उत्तम, पण क्लोरीन आणि विरघळलेले क्षार घेऊन येतं. बोअरचं तर आणखी जड. घरच्या पिण्याच्या आरओवरही विसंबू नका, कारण चव यावी म्हणून त्यातल्या बऱ्याच यंत्रांत क्षार पुन्हा मिसळतात. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शून्याजवळ दाखवेल असं पाणी हवं, आणि त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा, डबा लागतो.

सगळे आकडे बरोबर आणि तरी पीएच आठच्या खाली, असं मे महिन्यात एसी लावलेल्या घरांत होतं. खोली दिवसरात्र बंद, आत चार माणसं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ४२० च्या घरात, बंद खोलीत तो हजाराच्या वर सहज जातो, आणि तो पाण्यात विरघळून पीएच खाली ओढतो. पीएच उतरला की कोरलाइनला भिंत बांधायला जास्त कष्ट पडतात. तिचा मॅग्नेशियमवाला चुना इतर चुन्यांपेक्षा लवकर विरघळतो. समुद्र आम्लाकडे सरकतो आहे तेव्हा शास्त्रज्ञांना तिची काळजी वाटते ती याचसाठी, आणि मला टँकपुढे बसल्यावर ती गोष्ट वर्तमानपत्रातल्यापेक्षा जास्त जवळची वाटते. तुमच्या खोलीचा दोष आहे का ते असं पाहा: टँकमधलं पेलाभर पाणी गच्चीवर नेऊन एअर पंपाने तासभर हवा द्या. पीएच चढला तर पाणी बरोबर आहे, खोलीची हवा कोंडली आहे. पहाटे खिडक्या उघडा. स्किमरची (हवेच्या फेसाने पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवा घेणारी नळी खिडकीबाहेर सोडली तरी फरक पडतो.

प्रकाशाबद्दल बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ, हे तुळशीला लागू आहे. कोरलाइनमध्ये हरितद्रव्याबरोबर फायकोएरिथ्रिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं. ते हिरवा-निळा प्रकाश पकडतं, आणि खोल पाण्यात तोच पोहोचतो. १९८४ मध्ये बहामाजवळ तब्बल २६८ मीटर खोलीवर जिवंत कोरलाइन सापडली होती, जिथे आपल्या डोळ्यांना काळोखच वाटला असता. म्हणून टँकमध्येही ती आधी दगडाच्या सावलीत, पाइपच्या खाली, मागच्या काचेवर येते. नवीन तेज दिवा लावला आणि वरचा थर पांढरा पडला तर रोग समजू नका, दिवा वर उचला आणि महिनाभरात हळूहळू खाली आणा. तेज उजेडात टिकणाऱ्या जाती असतात, त्या मागाहून वरच्या दगडांवर बसतात.

बी कुठून आणायचं? कोरड्या दगडावर कोरलाइन आपोआप जन्म घेत नाही, ती कुठून तरी यावी लागते. सर्वांत चांगलं म्हणजे ज्याच्या टँकमध्ये ती आहे त्याच्या काचेवरचा ताजा खरवडलेला चुरा. तो टँकच्याच पाण्यात, ओला, त्याच दिवशी आणायचा. स्किमर बंद ठेवून आणि गाळणीचा मोजा (पाणी गाळायची कापडी पिशवी) काही तास काढून वेव्हमेकरच्या धारेत सोडायचा. गोगलगायींच्या पाठीवरूनही ती येते. माझा पहिला ठिपका बहुधा टर्बो गोगलगायीच्या शंखावरून सुटला असावा. किनाऱ्यावर फिरायला गेल्यावर प्रवाळाचा किंवा प्रवाळ चिकटलेला दगड मात्र उचलून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ संरक्षित आहेत, आणि कायदा नसता तरी तो दगड तिथेच कोणाचं तरी घर आहे.

चुरा टाकल्यावर पहिले दोन महिने दगडावर आधी तपकिरी, मग हिरवं येईल. येऊ द्या. टर्बो आणि ट्रोकस गोगलगायी केसाळ शैवाल चरून जागा मोकळी करतात. कोरलाइन स्वतःही आपला वरचा पातळ थर अधूनमधून टाकून देते आणि अंगावर बसलेली घाण झटकते. समुद्री साळू (काटेरी चेंडूसारखा सागरी प्राणी, सी अर्चिन) मात्र विचार करून आणा. तो शैवालाबरोबर कोरलाइनही खरवडतो आणि दगडावर पांढऱ्या रेघा सोडत फिरतो.

आज माझ्याकडे उलटी तक्रार आहे. समोरच्या काचेवर ती दर पंधरा दिवसांनी येते आणि पात्याने काढावी लागते. टँक अॅक्रिलिकचा असेल तर लोखंडी पातं लावू नका, ओरखडे जन्मभर राहतात. वेव्हमेकरच्या पंख्यात थर बसला की मोटर घुरघुरते. वेव्हमेकर काढून निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर अशा मिश्रणात तासभर ठेवला की चुना बुडबुडे काढत विरघळतो. काचेवरचा चुरा मी फेकत नाही. रविवारी अल्कलिनिटी मोजून झाली की खरवडतो आणि टँकच्याच पाण्यात डबीत भरतो. या महिन्यात ती डबी मनीषनगरच्या एका मुलाने नेली, त्याचा दगड अजून पांढरा आहे.